मधल्या सुट्टीतली घोषणा : मुंबईतल्या दोन कागदांचं प्रकरण

३ जून १९६० च्या सुमारास मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याला दोषारोपपत्र मिळालं. पैशाचा गैरव्यवहार नव्हता, कामचुकारपणाचा आरोप नव्हता, वरिष्ठाशी उद्धट बोलल्याची तक्रार नव्हती. सरकारने मान्यता काढून घेतलेल्या संघटनेचं पद त्याने सोडलं नाही, एवढाच गुन्हा. सात आठवड्यांनी, २५ जुलैला, दुसरा कागद आला. त्यात लिहिलं होतं की केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाच्या निमित्ताने झालेल्या निदर्शनांत तुम्ही भाग घेतलात, संपाच्या तयारीतही पुढे होतात, सबब तुमची चौकशी करण्याचं योजलं आहे.

हे दोन कागद पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेले. ‘ओ. के. घोष विरुद्ध ई. एक्स. जोसेफ’ या नावाने ते प्रकरण कायद्याच्या अहवालांत आहे; त्यातले जोसेफ म्हणजे हा कर्मचारी. मी मुंबईच्या एका केंद्रीय कार्यालयात नोकरीची सगळी वर्षं काढली आणि त्यातली बरीच शाखेचा सचिव म्हणून. मेमो हातात घेऊन घाबरून आलेल्या माणसाला मी सगळ्यात आधी हे प्रकरण सांगतो. मधल्या सुट्टीत गेटवर उभं राहून घोषणा देणाऱ्या आमच्यातल्या कितीतरी जणांना तो हक्क कुठून आला हे ठाऊक नसतं. युनियनच्या शिबिरांतही ते फारसं कुणी शिकवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काळ आधी डोळ्यांसमोर आणायला हवा. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं होतं. फ्लोरा फाउंटनला गोळ्या झेलून, मोर्चे काढून मुंबईने स्वतःचं राज्य मिळवलं होतं. रस्त्यावर उतरल्याने काही घडतं, हे या शहराने नुकतंच पाहिलं होतं आणि त्या गर्दीत सरकारी कचेऱ्यांतली माणसंही होती. मात्र तीच माणसं सकाळी हजेरीपटावर सही केली की वर्तणूक नियमांखाली येत. केंद्रीय मुलकी सेवा (वर्तणूक) नियम, १९५५ यांतला नियम ४-अ सांगत होता की सेवाशर्तींच्या कोणत्याही बाबतीत सरकारी नोकराने कुठल्याही निदर्शनात भाग घेऊ नये आणि कुठल्याही प्रकारचा संप करू नये. कुठल्याही निदर्शनात म्हणजे मूक, शांत, रस्त्याच्या कडेला उभं राहून केलेल्या निदर्शनातसुद्धा.

महालेखापाल कार्यालय म्हणजे हिशेबाचं घर. राज्य सरकारच्या जमाखर्चाची नोंद, भविष्य निर्वाह निधीची खाती, निवृत्तिवेतनाची प्रकरणं, सगळं तिथून जातं. दुसऱ्याच्या बिलातला एक रुपया चुकला तरी आक्षेप काढणारी ही अराजपत्रित माणसं स्वतःच्या पगाराच्या हिशेबासाठी भांडत होती, आणि हिशेब त्यांना चांगला येत होता. जुलै १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाची मोजपट्टी आखून दिली होती. कमावत्या माणसामागे तीन खाणारी एककं, प्रौढाला रोज २,७०० कॅलरी, माणशी वर्षाला १८ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी २० टक्के. या मापाने कर्मचारी संघटनांचा आकडा महिना सव्वाशे रुपयांच्या आसपास निघत होता. दुसऱ्या वेतन आयोगाने १९५९ मध्ये शिफारस केली ती ८० रुपयांची. सरकार ज्या परिषदेत बसलं होतं तिचं माप एक सांगत होतं आणि सरकारने नेमलेला आयोग दुसरंच सांगत होता. भांडणाचं मूळ या फरकात होतं.

आता मान्यतेचं. बाहेरच्या माणसाला हा शब्द कागदी वाटतो, पण कचेरीत त्याला वजन असतं. मान्यता असेल तर सूचनाफलक मिळतो, सभेला जागा मिळते, पत्राला उत्तर येतं, पदाधिकाऱ्याला वरिष्ठ भेटीची वेळ देतात. मान्यता गेली की तोच पदाधिकारी साहेबांच्या दारात एक साधा कर्मचारी म्हणून उभा राहतो. जोसेफ हे अराजपत्रित लेखा कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे सचिव होते. ती ज्या अखिल भारतीय संघटनेशी संलग्न होती तिला डिसेंबर १९५६ मध्ये मान्यता मिळाली होती आणि मे १९५९ मध्ये ती काढून घेतली गेली. इथवर सगळ्या संघटनांनी थोडंफार सोसलेलंच आहे. पण नियम ४-ब त्याच्या पुढे जात होता. संघटनेला स्थापनेपासून सहा महिन्यांत मान्यता मिळाली नाही, किंवा सरकारने ती नाकारली वा काढून घेतली, तर तिचा सभासद राहणं हाच नियमभंग. कर्मचाऱ्यांनी कोणत्या संघटनेत राहायचं हे त्यांचा मालकच ठरवणार होता. आणि ठरवणार तेही संघटना मालकाला जाचायला लागल्यावर.

जोसेफ यांना पद सोडायला सांगण्यात आलं. त्यांनी सोडलं नाही. ३ जूनचा कागद त्यातून आला.

मग जुलै. ११ जुलैच्या मध्यरात्रीपासून केंद्रीय कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप सुरू झाला. रेल्वे, टपाल-तार, संरक्षण कारखाने, लेखा कार्यालयं सगळी त्यात होती. संरक्षण कामगारांच्या महासंघाचे नेतृत्व एस. एम. जोशी यांच्याकडे होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतून आलेल्या मराठी कर्मचाऱ्याला हे नाव घरच्यासारखं होतं. सरकारने संपाच्या तोंडावरच अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम काढला. त्याच्या आधाराने संपबंदी झाली, संपात जाणं हा गुन्हा ठरला आणि चिथावणी देणं त्याहून मोठा. पाच दिवसांत संप मागे घ्यावा लागला. पदरात काही न पडता माणसं कामावर परतली आणि मागोमाग कागद सुटले. जोसेफ यांना दुसरा मेमो मिळाला तो संप संपल्यावर नवव्या-दहाव्या दिवशी.

इथे त्यांनी जे केलं ते मला या प्रकरणातलं सगळ्यात धीराचं पाऊल वाटतं. बहुतेक माणसं अशा वेळी लेखी खुलासा देतात, दिलगिरी जोडतात आणि चौकशी अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहतात. मी स्वतः तसे किती खुलासे लिहून दिले असतील, मोजलेले नाहीत. पोटापाण्याचा प्रश्न असतो, घरचे काळजीत असतात, आणि त्यात चूक काहीच नाही. जोसेफ यांनी चौकशी पूर्ण होण्याची वाट पाहिली नाही. ८ ऑगस्टला, म्हणजे दुसऱ्या मेमोनंतर दोन आठवड्यांत, ते मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका घेऊन गेले. मी नियम मोडला की नाही हा वाद त्यांनी घातलाच नाही. मुळात हे दोन नियम बोलण्याचं आणि संघटना करण्याचं स्वातंत्र्य देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये बसत नाहीत, म्हणून त्यांच्याखालची चौकशीच थांबवा, अशी त्यांची मागणी होती. यात धोका सरळ होता. नियम वैध ठरला असता तर सांगण्यासारखं काही हातात उरलं नसतं.

उच्च न्यायालयाने अर्धं दिलं. नियम ४-ब अवैध, नियम ४-अ पूर्ण वैध. संघटनेत राहा, पण निदर्शनही करू नका आणि संपही. दोन्ही बाजू सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

दरम्यान बिहारमधून तशीच वाट चालत दुसरं प्रकरण दिल्लीला पोचलं होतं. बिहार सरकारच्या वर्तणूक नियमांतही ४-अ याच क्रमांकाचा आणि याच धाटणीचा नियम होता. ‘कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य’ या निकालात फेब्रुवारी १९६२ मध्ये घटनापीठाने म्हटलं की निदर्शन म्हणजे माणसाच्या किंवा समूहाच्या भावनेचं दिसेल असं प्रकटन. म्हणजे तो बोलण्याचाच एक प्रकार. दगडफेक करणाऱ्या जमावाला अर्थात हे संरक्षण नाही. पण ज्या नियमाने शांत आणि दंगेखोर असा फरकच केला नाही, सगळ्याच निदर्शनांना एका दोरीने बांधलं, तो नियम तेवढ्यापुरता टिकत नाही. आणि सरकारी नोकरी पत्करली म्हणून माणूस नागरिकाचे मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवून आत येत नाही, हेही तिथे स्पष्ट झालं. संपाबाबत मात्र न्यायालय ठाम राहिलं. संपाचा मूलभूत हक्क नाही. संघटना करण्याच्या हक्कात संपाचा हक्क आपोआप येत नाही, हे १९६१ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात ठरून गेलंच होतं.

जोसेफ प्रकरणाचा निकाल ३० ऑक्टोबर १९६२ चा. ही तारीख मी प्रत्येक शिबिरात फळ्यावर लिहितो. चीनने हल्ला केला होता आणि चारच दिवसांपूर्वी, २६ ऑक्टोबरला, देशात आणीबाणी जाहीर झाली होती. आणीबाणी लागू असेतो अनुच्छेद १९ ची स्वातंत्र्यं राज्यसंस्थेला नवे कायदे करण्यापासून अडवू शकत नाहीत, अशी तरतूद अनुच्छेद ३५८ मध्ये होती. अशा आठवड्यात न्यायालय एका लेखा कर्मचाऱ्याच्या घोषणा देण्याच्या हक्काबद्दल बोललं आणि तो मान्य केला. निकालपत्र न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांचं. साताऱ्याचा हा माणूस आधी मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होता. कामगार कायद्यावर त्यांचा हात बसलेला होता आणि पुढे ते सरन्यायाधीश झाले.

निकालात नियम ४-अ चे दोन तुकडे झाले. निदर्शनबंदी गेली, संपबंदी राहिली. ४-ब समूळ गेला, आणि त्यामागचा विचार माझ्या मते या निकालाचा गाभा आहे. सरकारचं म्हणणं होतं की मान्यता नसलेल्या संघटनेत कर्मचारी राहिले तर शिस्त बिघडते, कार्यक्षमता घसरते. न्यायालयाने विचारलं की मान्यतेचा आणि शिस्तीचा थेट, जवळचा संबंध काय? संघटना करण्याच्या हक्कावर निर्बंध घालायचा तर तो सार्वजनिक सुव्यवस्था किंवा नीतिमत्ता या कारणांसाठी आणि वाजवी असायला हवा. मान्यता देणं वा काढणं यामागे सरकारची दुसरीही कारणं असू शकतात, ज्यांचा सुव्यवस्थेशी काही संबंध नसतो. तेव्हा मान्यतेच्या कागदावर सभासदत्वाचा हक्क टांगून ठेवता येणार नाही.

दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल, म्हणजे राहिलेल्या संपबंदीबद्दल, माझं समाधान कधीच झालेलं नाही. संप हा टोकाचा उपाय आहे, त्याने रुग्ण अडकतात, मनीऑर्डरी अडकतात, हे मला मान्य आहे. पण ज्या संपाआधी तीन वर्षं अर्ज-विनंत्या झाल्या, ज्यात मागणी सरकार सामील असलेल्या परिषदेच्या मापावर उभी होती, तो संप आणि सकाळी ठरवून दुपारी केलेला संप यांत नियमाला आजही फरक करता येत नाही. निदर्शनांच्या बाबतीत न्यायालयाने जो भेद मागितला, निरुपद्रवी कोणतं आणि उपद्रवी कोणतं हा, तो संपाच्या बाबतीत मागितलाच नाही.

पण निकालाने घडवलं ते टिकलं. आजच्या केंद्रीय मुलकी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला नियम ७ वाचला की या निकालांचा ठसा ओळखू येतो. त्याच्या पहिल्या भागात सगळ्या निदर्शनांवर बंदी नाही. देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी, अशा मोजक्या गोष्टींना बाधा आणणाऱ्या निदर्शनांवर आहे. अनुच्छेद १९ मध्ये निर्बंधाची जी कारणं दिली आहेत तीच जवळजवळ उचलून ठेवलेली. दुसऱ्या भागात संप, त्याला साथ देणं, दडपण आणणं, यांवर सरसकट बंदी. नियम ६ मध्ये संघटनेबद्दल फक्त उद्दिष्टं आणि कृतींची अट उरली, मान्यतेचा उल्लेख गेला. मान्यतेचे नियम वेगळे आहेत आणि १९९३ च्या त्या नियमांप्रमाणे संवर्गातले ३५ टक्के कर्मचारी सभासद असावे लागतात. मान्यता नसली तर सवलती नाहीत. सभासद राहायला मात्र कुणी अडवू शकत नाही. जोसेफ यांनी पद सोडलं असतं तर हा फरक कधी पडला असता, कोण जाणे.

रेषेच्या पलीकडे गेलेल्यांचं काय होतं, तेही सांगायलाच हवं, कारण गेटवरच्या भाषणांत ते सांगितलं जात नाही. संपाचे दिवस पगारातून जातात, ते सगळ्यांना माहीत असतं. सरकारी नोकरीच्या ‘मूलभूत नियमां’तल्या १७-अ खाली संपातली गैरहजेरी सेवेतला खंड धरता येते, हे ठाऊक नसतं. खंड म्हणजे तीस वर्षांची नोकरी कागदावर मधोमध तुटते आणि त्याची खरी किंमत निवृत्तीच्या वेळी कळते. १९ सप्टेंबर १९६८ ला केंद्रीय कर्मचाऱ्यांनी त्याच गरजेवर आधारित वेतनासाठी एक दिवसाचा लाक्षणिक संप केला. पुन्हा वटहुकूम, पुन्हा अटका, पुन्हा कारवाया. तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण, जे १९६० मध्ये नव्या महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री होते. मे १९७४ च्या रेल्वे संपात तर चौकशीविना बडतर्फीचा मार्ग वापरला गेला. चौकशी करणं व्यवहार्य नाही असं कारण नोंदवलं की ती टाळता येते, याची सोय अनुच्छेद ३११ मध्येच आहे. घरी बसलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना १९७७ मध्ये सरकार बदलल्यावर परत घेतलं गेलं. तेव्हाचे रेल्वेमंत्री मधु दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असत. त्या परतलेल्यांना कोर्टाने जेवढं दिलं नव्हतं तेवढं एका निवडणुकीने दिलं, आणि ज्यांचं वय त्या तीन वर्षांत उलटलं त्यांना ते पुरं पडलं नाही.

राज्याच्या कर्मचाऱ्यांचा १९७७-७८ चा चोपन्न दिवसांचा संप आमच्या पिढीने ऐकून ऐकून पाठ केलेला आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी, शिक्षक, परिचारिका १४ तारखेपासून आठवडाभर संपावर होते, आणि त्याच सुमारास विधिमंडळात अत्यावश्यक सेवांचा कायदा, म्हणजे मेस्मा, मंजूर झाला. साठ म्हणा, अडुसष्ट म्हणा की तेवीस, तोंडावर येणारा कागद तोच. २००३ मध्ये तामिळनाडूने संपकऱ्यांना लाखाच्या संख्येने काढून टाकलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने रंगराजन प्रकरणात म्हटलं की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्कही नाही. तो निकाल आला की साहेबलोक तो प्रत्येक गोष्टीला लावू पाहतात. निदर्शनाबद्दल १९६२ मध्ये जे मान्य झालं ते त्याने पुसलेलं नाही.

आणखी एक गोंधळ मुंबईत विशेष होतो, कारण इथे युनियन आणि पक्ष यांच्या भिंती एकमेकींना लागून असतात. जोसेफ प्रकरण सेवाशर्तींच्या मागण्यांबद्दल आहे. पगार, बदल्या, पेन्शन, रिक्त जागा यांसाठी शांतपणे उभं राहिलात तर या निकालाची सावली तुमच्यावर आहे. पण पक्षाच्या मोर्चात झेंडा घेऊन गेलात, पक्षासाठी वर्गणी गोळा केलीत, तर तिथे नियम ५ लागतो आणि तो फार कडक आहे. पक्षाचं सभासदत्व, राजकीय चळवळीत भाग, तिला मदत, सगळं त्यात येतं. एकाच आझाद मैदानात, एकाच दिवशी, दोन मंडपांत बसलेल्या दोन कर्मचाऱ्यांचं भवितव्य यामुळे वेगळं होऊ शकतं. खासगी कंपनीतल्या माणसाला तर अनुच्छेद १९ मालकापुढे सहसा दाखवता येत नाही. त्याचं भांडण औद्योगिक कायद्यातून चालतं, ती वेगळीच वाट.

आणि शिक्षा होण्याआधीच मेमो माणसाला खातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोषारोपपत्र प्रलंबित असलं की पदोन्नती समितीचा निर्णय सीलबंद लिफाफ्यात जातो. बरोबरीचे पुढे सरकतात, आपण त्याच टेबलावर. निलंबन झालं तर पहिले तीन महिने साधारण अर्ध्या पगाराएवढा निर्वाह भत्ता. पासपोर्टच्या ना-हरकतीपासून मुलीच्या लग्नाच्या अग्रिमापर्यंत सगळ्या कागदांना एक शेरा चिकटतो. दोन वर्षांनी चौकशीत काहीच निघालं नाही तरी ती दोन वर्षं कुणी परत करत नाही. जोसेफ यांच्या पहिल्या कागदापासून घटनापीठाच्या निकालापर्यंत दोन वर्षं आणि जवळपास पाच महिने गेले.

गेल्या वर्षी आमच्या जुन्या शाखेतली एक मुलगी घरी आली. नोकरीला लागून चार वर्षं झालेली. मधल्या सुट्टीत काळी फीत लावून रिक्त पदांसाठी घोषणा दिल्या म्हणून अकरा जणांना मेमो मिळाला होता. “काका, सगळे म्हणतात माफी लिहून द्या, विषय संपेल,” ती म्हणाली. मेमो मी दोनदा वाचला. त्यात नियम ७ लिहिलेला होता, पण पहिला भाग की दुसरा हे लिहिलेलं नव्हतं. “सुट्टी किती वाजता संपते?” मी विचारलं. दीड वाजता. “तुम्ही जागेवर किती वाजता होतात?” तिने मोबाइल काढला. हजेरीच्या यंत्रावर अकराही जणांच्या बोटांची वेळ दीडच्या आतली होती.

आम्ही माफी लिहिली नाही. खुलाशात चार मुद्दे लिहिले. निदर्शन सेवाविषयक मागणीचं होतं, कामाच्या वेळेबाहेर होतं, कामकाजात अडथळा आला नाही, आणि नियम ७ च्या पहिल्या भागातल्या कोणत्या कारणाने आमचं वर्तन बाधक ठरतं ते कृपया कळवावं. खाली ३० ऑक्टोबर १९६२ च्या निकालाचा संदर्भ दिला. हजेरीचा उतारा जोडला. प्रत्येकाने आपापली सही केली, एकत्र सह्यांचा कागद मुद्दाम टाळला, कारण सामूहिक निवेदनावर वेगळा आक्षेप निघू शकतो.

त्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. पुढचा कागदही आलेला नाही. तिने पोचपावतीची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवली आहे आणि दुसरी माझ्याकडे आहे.